मामा समाकी

इगोम्बे गावात बाईला तिच्या स्वतःच्या नावाने कोणी हाक मारत नाही. पहिलं मूल झालं की त्या मुलाचं नाव तिला चिकटतं, ते मरेपर्यंत सुटत नाही. थोरल्या मुलीचं नाव सिफा, म्हणून तिची आई मामा सिफा. स्वाहिलीत मामा म्हणजे आई. डॉ. डिलेश्वरी नान्हे पाच वर्षांपूर्वी, २०३९ साली, टांझानियाच्या दक्षिणेकडच्या या डोंगराळ गावात आली, तेव्हा बायकांनी पहिल्याच दिवशी तिला विचारलं होतं, "तू कोणाची मामा?"

"कोणाचीच नाही," ती म्हणाली. लग्न राहून गेलं होतं, आणि त्याचं तिला फारसं काही वाटतही नव्हतं. बायकांना मात्र वाटलं. एवढी चाळिशीला टेकलेली बाई, तिला हाक मारायची तरी कशी? मग आठ दिवस ती लुविंदी ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभी राहून मासे मोजताना दिसली आणि प्रश्न परस्पर सुटला. तिचं नाव पडलं मामा समाकी, माशांची आई.

एकदा ती फोनवर बोलत असताना मागून कोणी तरी या नावाने हाक मारली. पलीकडे गोंदियाजवळच्या गावात तिच्या आईने, सगुणाबाईंनी, ती ऐकली.

"डिलू, हा मामा कोण वं? आपला तं तिकडे कोणी मामा नाही."

"मलाच म्हणतात, आई."

"तुले? बाईले मामा?" सगुणाबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. "उद्या मले काका म्हणतीन!"

सगुणाबाईंनी जन्मभर तलावातली मासोळी टोपलीत घालून गावोगाव विकली होती. मुलगी माशांची डॉक्टर झाली, याचा अर्थ त्यांनी असा लावला होता की आजारी मासे तिच्याकडे येतात. डिलेश्वरीने तो गैरसमज कधी दूर केला नाही. खरं काम सांगायला अवघड होतं. ती मासे बरे करत नव्हती, फाडत होती.

माशाची जात कशी वाढते हे शोधायची जगभर एकच रीत आहे. दर महिन्याला तीस मासे जाळ्याने धरायचे. त्यांची पोटं चिरायची. अंडाशयाचं वजन करायचं, माशाच्या वजनाशी त्याची तुलना करायची, अंडी मोजायची. अंडाशय कोणत्या महिन्यात सगळ्यात जड होतो, त्यावरून विणीचा हंगाम कळतो. लुविंदीतल्या पेरेगे नावाच्या माशावर डिलेश्वरीने हे काम सलग दोन वर्षं केलं. पेरेगे हा गावाचा रोजचा मासा. हाताच्या पंजाएवढा, करड्या रंगाचा. तो अंडी पोटातून बाहेर टाकतो आणि लगेच तोंडात उचलून घेतो. पिल्लं बाहेर पडून पोहायला लागेपर्यंत तीन आठवडे ती तोंडातच राहतात आणि तेवढे दिवस मासा काही खात नाही. पुढेही दोन-अडीच महिने, जरा धोका दिसला की पिल्लं परत त्याच तोंडात शिरतात.

हे सगळं पुस्तकात होतं, आणि तोंडात अंडी धरते ती मादी, हेही पुस्तकात होतं. डिलेश्वरीने स्वतः ते पाहिलं नव्हतं, कारण जाळ्यात सापडलेला पेरेगे घाबरून तोंडातलं सगळं थुंकून टाकतो. तिच्या टेबलावर येणाऱ्या प्रत्येक माशाचं तोंड रिकामंच असायचं.

पण ती आली होती पेरेगेसाठी नाही, किपेपेसाठी. किपेपे हा पेरेगेचा लांबचा भाऊबंद. अंगठ्याएवढा, परांवर फुलपाखरासारखे नारिंगी ठिपके असलेला, आणि जगात फक्त या एका ओढ्यात सापडणारा. वरच्या अंगाला अॅव्होकाडोचे मळे झाले, पंप बसले, ओढा आटत गेला. डिलेश्वरी आली त्या वर्षी शोधून शोधून अकरा किपेपे सापडले. टाकीत ते एकदाही जुळले नाहीत. दोन वर्षांत एकेक करून अकराही मेले. मरण्याआधी तिने प्रत्येकाच्या पोटातून थोड्या पेशी काढून गोठवून ठेवल्या होत्या, आणि त्या पेशींवरच पुढचा सगळा डाव उभा होता.

या पेशींना मूळ जननपेशी म्हणतात. त्यांच्यापासूनच पुढे अंडी किंवा शुक्राणू तयार होतात. त्या दुसऱ्या जातीच्या माशाच्या नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाच्या पोटात सुईने सोडल्या, तर त्या आपल्या आपण सरपटत योग्य जागी जाऊन बसतात. पिल्लू मादी असेल तर त्यांची अंडी होतात, नर असेल तर शुक्राणू. म्हणजे अंगाने, रंगाने, सवयीने पेरेगे, पण पोटात किपेपेचं बी. अशी नर-मादी जोडी जुळली की पेरेगेच्या तोंडातून चक्क किपेपेची पिल्लं बाहेर येतात. यजमान म्हणायचं ते या पेरेगेंना. अट एकच असते. यजमानाचं स्वतःचं बी उरता कामा नये. त्यासाठी अंडी फलित झाल्याबरोबर त्यांना कोमट पाण्याचा झटका देतात. त्यातून जन्मलेला मासा धडधाकट असतो, पण त्याचा वंश त्याच्यापाशीच संपलेला असतो. दुसऱ्याचा वंश चालवण्यासाठी आपण या माशाचा बुडवतो, हे डिलेश्वरीला प्रत्येक वेळी सुई टोचताना आठवायचं आणि तिला ते आवडत नसे.

सगळ्या गोठवलेल्या पेशी वापरून एकशे अठरा यजमान तयार झाले. ते वयात आले, जुळले, त्यांच्या तोंडात किपेपेची पिल्लं दिसली. पण टाकीत ती पिल्लं वाढेनात. तोंडातून बाहेर आली की पाच आठवड्यांत एकूण एक मरायची. तीन हंगाम असे गेले. काही तरी ओढ्यातच होतं, पाण्यात किंवा दगडांवरच्या शेवाळात, जे टाकीत आणता येत नव्हतं. यजमान म्हातारे होत चालले होते. चौथा हंगाम त्यांचा शेवटचा. तेव्हा असं ठरलं की पिल्लं तोंडात असतानाच माद्या ओढ्यात सोडायच्या. सरकारी परवानगीत पहिली अट लाल अक्षरांत होती: एकही नर बाहेर जाता कामा नये.

अट योग्यच होती. यजमान मादी पुढे ओढ्यातल्या नराशी जुळली तर फार तर तिची स्वतःची अंडी वाया जातील. पण यजमान नर एका हंगामात दहा-बारा माद्यांशी जुळतो. गावच्या पेरेगे माद्यांना तो आपल्यातलाच वाटणार, कारण दिसायला-वागायला तो पेरेगेच. त्याच्या शुक्राणूंनी फलित झालेली पेरेगेची अंडी तिसऱ्या दिवशी मरतात. थोडे नर ओढ्यात गेले तरी गावाच्या जेवणातला मासा संपत जाणार होता.

डिसेंबरात पावसाला सुरुवात झाली आणि टाकीतल्या माशांची तोंडं भरली. तोंड भरलेल्या माशाला हात लावायची सोय नव्हती. हात लागला की पिल्लं थुंकलीच. हे काम मामा सिफाने केलं. पंचावन्न वर्षांची ही उंच, कमी बोलणारी बाई ओढ्यातल्या डोहांची जाणकार होती. भोपळ्याचा पोकळ तुंबा ती पाण्यात आडवा बुडवायची आणि वाट पाहायची. भरल्या तोंडाचा मासा सावली शोधत आपणहून तुंब्यात शिरायचा आणि त्याला कळायच्या आत तुंबा पाण्यासकट उचललेला असायचा. एकदाही पिल्लू सांडलं नाही.

"ही मामा?" डिलेश्वरी प्रत्येक तुंब्यात डोकावून विचारी.

"हुयू मामा," मामा सिफा म्हणे. ही मामा आहे.

दुपारपर्यंत एकसष्ट मासे ओढ्यात गेले. टाकीत राहिले सत्तावन्न. निम्मे-निम्मे म्हणजे माद्या गेल्या आणि नर मागे राहिले. आकडा इतका चोख जुळला की पुन्हा बघायचं कोणाच्या मनातही आलं नाही. मागे राहिलेले नर पुरात वाहून ओढ्यात जाऊ नयेत म्हणून ते त्याच दिवशी मारून टाकायचे, अशी दुसरी अट होती. डिलेश्वरीने त्यांना गुंगीच्या पाण्यात घातलं, मग फॉर्मॅलिनच्या पिंपात. तीन वर्षं हाताने वाढवलेले मासे. आयुष्यात तिने हजारो मासे फाडले होते, पण यांना सुरी लावायचं तिच्या जिवावर आलं. पिंपाचं झाकण लावून ती बाहेर येऊन बसली.

पुढचे सहा आठवडे तिच्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते. उथळ पाण्यात दगडांच्या कपारीशी तांदळाच्या दाण्याएवढी किपेपेची पिल्लं दिसत होती आणि सावली पडताच पेरेगेच्या तोंडात गडप होत होती. टाकीत ती कधी इतकी चपळ नव्हती. दारेसलामहून तिचे वरिष्ठ डॉ. किबोना रोज फोन करून विचारायचे, "आज किती दिसली?" आणि आकडा ऐकून लहान मुलासारखे हसायचे.

सातव्या आठवड्यात मामा सिफा तुंबा घेऊन तिच्या दारात आली. आत एक पेरेगे होता, तोंड भरलेला, पण पाठ बसलेली, अंग रोडावलेलं.

"हा टाकीतला नाही," मामा सिफा म्हणाली. "चर्चखालच्या डोहातला, आपला जुना. खूप दिवस झाले, तोंड उघडत नाहीये. असे सात-आठ आहेत."

डिलेश्वरीने हळूच त्याचा जबडा उघडला. अंडी पांढरी पडली होती, त्यांवर बुरशीचा कापूस आला होता. कितीतरी दिवसांपूर्वीच मेलेली. मासा ती घट्ट धरून, उपाशी, वाट पाहत राहिला होता. एक अंडं तिने हातात मावणाऱ्या जनुक-वाचकात घातलं. वीस मिनिटांनी पडद्यावर उत्तर आलं. आई पेरेगे. बाप किपेपे.

ते शक्यच नव्हतं. किपेपेचं बी असलेला नर ओढ्यात नव्हताच, सगळे पिंपात होते. ती उठली, पिंपाचं झाकण काढलं, वरचाच एक मासा उचलला आणि इतक्या दिवसांनी त्याचं पोट चिरलं. आत अंडाशय होता. तिने दुसरा मासा घेतला, तिसरा घेतला. संध्याकाळपर्यंत सत्तावन्न मासे टेबलावर होते आणि त्यांतल्या अठ्ठावीस माद्या होत्या.

याचा अर्थ लावायला तिला अवघड गेलं नाही. जवळजवळ तितकेच नर ओढ्यात गेले होते, आणि पिल्लं तोंडाबाहेर असताना गावच्या माद्यांशी जुळले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती मामा सिफाच्या अंगणात गेली. मामा सिफा मक्याचं पीठ चाळत होती.

"शिकामो," डिलेश्वरीने वडीलधाऱ्यांना करायचा नमस्कार केला, आणि उत्तराची वाट न पाहता म्हणाली, "त्या दिवशी मी प्रत्येक मासा दाखवून विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, सगळ्या मामा."

"होत्याच."

"त्यांत नर होते."

मामा सिफाने चाळणी थांबवली. "असतीलच की. निम्म्या जोड्यांत पिल्लं आई धरते, निम्म्यांत बाप धरतो. पहिल्यापासून असंच आहे."

"मग त्याला मामा का म्हणालात?"

"ज्याच्या तोंडात पिल्लं तो मामा." मामा सिफाला प्रश्नच कळत नव्हता. "तो खात नाही, भांडत नाही, सावली सोडत नाही. त्याला दुसरं काय म्हणायचं?"

डिलेश्वरी तिथेच ओट्यावर बसली. स्वाहिलीत तो आणि ती असा फरक नाही. मामा सिफा म्हणाली होती 'हुयू', आणि त्या एका शब्दाची 'ही' झाली होती ती डिलेश्वरीच्या डोक्यात, तिच्या मराठीत. त्यातही मामा हा शब्द. जगात कोणाला नाही तरी मराठी माणसाला त्यात पुरुष ऐकू यायला हवा होता. आई हसता हसता ठसकली होती, तेव्हा तीही हसली होती. दोन वर्षं तिने पोटातली अंडी मोजली. तोंडात ती कोण धरतं हे या गावातल्या कोणत्याही बाईला विचारलं असतं तर एका वाक्यात कळलं असतं. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

"काही चुकलं का?" मामा सिफाने विचारलं.

"सांगते," ती म्हणाली. "आज दुपारी सांगते. आधी एक फोन करू दे."

डॉ. किबोनांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटचा किपेपे त्यांच्या तळहातावर मेला होता.

"मार्ग काय?" त्यांनी विचारलं.

"आपले नर गावच्या नरांतून ओळखता येत नाहीत, सर. खुणा केल्या नव्हत्या. गावच्या नरांसकट सगळे काढावे लागतील. इथल्या बायका बांध घालून एकेक डोह उपसतात, तसं. माद्या कोणत्याही असोत, परत सोडता येतील. ओढ्याच्या वरच्या अंगाला धबधबा आहे, त्याच्या वर आपले मासे गेलेले नाहीत, तिथले नर खाली आणता येतील."

"आणि किपेपेची पिल्लं?"

"डोह उपसला की ती चिखलात जाणार. तांदळाएवढी आहेत."

"किती दिवसांनी आपली आपण जगतील?"

"सहा आठवडे."

"मग सहा आठवडे थांब," किबोना म्हणाले. "पेशी संपल्या. टाकी रिकामी आहे. ही शेवटची आहेत, डिलेश्वरी. सहा आठवडे कोणाला काही सांगू नकोस, मग मीच येतो, आपण दोघं मिळून सांगू."

"सहा आठवड्यांत हंगाम संपेल. या वर्षी पेरेगेची पिल्लंच होणार नाहीत."

"पेरेगे काय, आफ्रिकेत कुठेही मिळतो."

"इथल्या बायका या ओढ्यावर येतात, सर. आफ्रिकाभर कुठे जाणार त्या?"

"मी तुला हुकूम देत नाही," किबोना म्हणाले. "विनंती करतोय."

फोन ठेवल्यावर ती ओढ्याकाठी गेली. कपारीशी पिल्लं होती. तिने मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिली. ही पिल्लं जगावीत असं तिला इतकं वाटत होतं की आयुष्यात दुसरं काही तिने इतक्या हट्टाने मागितलं नव्हतं. गप्प बसणं सोपं होतं. गावाला कळणारही नव्हतं. पुढच्या वर्षी मासा कमी झाला की बायका पावसाला दोष देणार. तिने आईला फोन लावला.

"आई, आपल्या तलावात साहेबांनी नव्या माशाचं बीज टाकलं होतं, आठवतं? तुला कधी कळलं?"

"मले कोण सांगते? जाळ्यात आलं तवा कळलं." सगुणाबाईंना आज हे कुठून निघालं याचं नवल वाटलं. "मग मरळ गेली, बोटरी गेली, शिंगूर तं दिसेनासाच झाला. मंग मी वीटभट्टीवर नाही गेली का दोन वर्षं? तू लहान होतीस."

"साहेब वाईट होता का?"

"नाही वं. भला माणूस होता. आपल्या घरी बसून चहा पेला त्यानं. तुह्या डोक्यावरून हात फिरवला. त्याले ठाऊक होतं का नव्हतं, हेच मले अजून समजलं नाही. ठाऊक असून चहा पेला असन, तं मंग..." मग त्यांनी विचारलं, "तू काहून विचारतेस?"

"काही नाही, आई. नंतर बोलते."

दुपारी ओढ्यावर कपडे धुवायच्या दगडांपाशी बायका जमल्या. इगोम्बेत डोह बायकांचे. कोणता कधी उपसायचा हे त्याच ठरवतात. डिलेश्वरीने उभं राहून सगळं सांगितलं. पेशी, सुई, मेलेली अंडी, पिंपातले मासे. तिने एक मुद्दाही झाकला नाही. किबोना काय म्हणाले तेही सांगितलं, आणि चूक तिची होती, मामा सिफाची नव्हती, हे दोनदा सांगितलं.

"तुला हे कधी कळलं?" मामा सिफाने विचारलं.

"काल संध्याकाळी."

मामा सिफाने मान हलवली आणि ती खाली बसली. तुंब्याने एकेक मासा उचलून देणं तिला आठवत असणार, कारण ती आपल्या हाताकडे बघत होती.

जमलेल्या बायकांतली मामा बराका मात्र उसळली. तिची सून पोटुशी होती. "म्हणजे सात आठवडे आम्ही ज्यांच्या पोटात दुसऱ्याचं बी आहे असले मासे खातोय? माझी सून खातेय?"

"त्याने काही होत नाही. शिजवल्यावर तो नुसता मासा आहे."

"तू त्या दिवशी म्हणालीस सगळ्या माद्या आहेत. तेही शास्त्रच होतं ना?"

"हो," डिलेश्वरी म्हणाली. बायकांत कुजबुज सुरू झाली. एक म्हणाली, या ओढ्याचा मासाच नको. दुसरी म्हणाली, बाजारात हे कळलं तर आपल्या टोपलीला कोणी हात लावणार नाही. शेवटी मामा सिफा उठली.

"डोह उपसू," ती म्हणाली. "उद्यापासून. खालून वर जाऊ." मग डिलेश्वरीकडे वळून, आवाज खाली आणून म्हणाली, "तुझी पिल्लं जातील."

"हो."

"तू नको येऊस."

"मी येणार," डिलेश्वरी म्हणाली.

चार दिवस काम चाललं. बायकांनी माती आणि केळीच्या सोपटांचे बांध घातले, पातेल्यांनी-बादल्यांनी पाणी उपसलं. तळाशी पाणी उरलं की मासे उसळायचे. मादीला पोटाखाली तीन भोकं असतात, नराला दोन. डिलेश्वरी चिखलात बसून प्रत्येक मासा उलटा करून बघायची. मादी बादलीत, नर टोपलीत. हातात धरताच ते थुंकायचे. कधी पांढरी मेलेली अंडी पडायची, कधी जिवंत पिल्लं. गावच्या पेरेगेची करडी पिल्लं असायची आणि मधूनच एखाद्याच्या तोंडातून नारिंगी ठिपक्यांची. थुंकून झाल्यावरही काही मासे तोंड उघडं ठेवून तसेच राहायचे, पिल्लांनी परत आत यावं म्हणून. तिने तेही नर टोपलीत टाकले. ती रडत होती आणि काम थांबवत नव्हती.

बायकांनी कोणी न सांगता चहाच्या गाळण्या आणल्या. चिखलाच्या पाण्यातून त्या नारिंगी दाणे वेचू लागल्या. चौथ्या दिवशी बादलीत सदतीस पिल्लं होती. ती टाकीत सोडण्याशिवाय इलाज नव्हता. टाकीत ती किती आठवडे जगतात हे डिलेश्वरीला तीन हंगामांच्या अनुभवाने ठाऊक होतं. तिने वेचणाऱ्या बायकांना ते सांगितलं नाही. मग सांगितलं. त्यांनी वेचणं थांबवलं नाही.

शेवटच्या दिवशी दुपारी मामा सिफाच्या अंगणात नरांच्या टोपल्या ठेवल्या होत्या. दरवेळी डोह उपसला की तिथेच चूल पेटते आणि सगळ्या बायका एकत्र जेवतात. आज चूल पेटली होती, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, उगाली, शिजला होता, पण टोपल्यांना कोणी हात लावत नव्हतं. मामा बराका हाताची घडी घालून उभी होती. बाजाराच्या रस्त्याने जाणाऱ्या दोन बायकाही थांबून बघत होत्या. डिलेश्वरीला कळलं की मासे काढून काम संपलेलं नाही. आज हा मासा कोणी खाल्ला नाही, तर पुढे वर्षानुवर्षं या ओढ्याचा मासा कोणी खाणार नाही.

तिने टोपलीतून एक मासा उचलला. यजमान कोणता हे बघून कळत नव्हतं, म्हणून तिने त्याच्या पोटातला शुक्राणूंचा पांढरा थेंब जनुक-वाचकावर घेतला. पाचव्या माशाला उत्तर आलं, किपेपे. तो तिने मामा सिफाच्या हातात दिला.

"हा शिजवा. पोट साफ करू नका. पांढरं आत राहू दे."

"तोच?" मामा सिफाने विचारलं.

"तोच."

मामा सिफाने तो कांदा-टोमॅटोत शिजवला आणि थाळीत उगालीच्या शेजारी ठेवला. तिने डिलेश्वरीच्या हातांवर पाणी घातलं. बायका गोल करून उभ्या राहिल्या. डिलेश्वरीने उगालीचा घास वळला, माशाचं पोट बोटांनी उघडलं आणि आतल्या पांढऱ्यासकट तुकडा तोंडात घातला. कोळणीची मुलगी होती ती, काटे जिभेने बाजूला करत सावकाश खात होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलं नाही. अर्धा मासा संपला. मामा बराका तिच्या घशाकडे बघत होती.

"कसा झालाय?" मामा सिफाने विचारलं.

डिलेश्वरीने गिळलं, क्षणभर चव घेतली.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

मामा सिफा मीठ आणायला आत गेली. मामा बराकाने हाताची घडी सोडली, उंबऱ्याशी ठेवलेला पाण्याचा तांब्या उचलला आणि आपले हात धुतले.